उजेड कवटीपलीकडे

कोरोनाच्या काळात, २०२० च्या सप्टेंबरात, 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' ही मोहीम सुरू झाली आणि कोरेगावात आमच्या आळीत आशाताई घरोघर फिरू लागल्या. तोंडाला मास्क, खांद्याला पिशवी, काखेत नोंदीचं रजिस्टर. उंबऱ्याबाहेरच उभ्या राहायच्या. आधी कपाळासमोर ताप मोजायचं यंत्र, मग बोटाला ऑक्सिमीटर. शेजारच्या आजी ओट्यावर वाघ्या घेवडा निवडत बसल्या होत्या. ताईंनी त्यांचं बोट पुसून घेतलं, चिमटा लावला, नखाच्या कडेनं लाल उजेड झिरपला. "सत्त्याण्णव. झकास हाय, आजी," म्हणून ताई पुढच्या घरी गेल्या.

आजींचा तीनेक वर्षांचा नातू हे सगळं खांबाआडून बघत होता. ताईंची पाठ वळली तसा तो आत पळाला, दोरीवरचा कपड्यांचा चिमटा घेऊन आला, आजीचं बोट तिच्याच पदरानं पुसलं, चिमटा लावला, मान तिरकी करून त्या चिमट्याकडे टक लावून पाहिलं आणि म्हणाला, "झकास हाय, आजी."

बोट पुसायला तो विसरला नाही, हे माझ्या मनात राहून गेलं. चिमटा दिसायला ठळक, तो लक्षात राहणारच. पण आधी पुसायचं, मग लावायचं, मग मान वाकडी करायची, हा सगळा क्रम त्या पोरानं एकदाच पाहिला होता. त्याला कुणी शिकवलं नव्हतं, हात धरून करवून घेतलं नव्हतं. डोळ्यांनी पाहिलेलं त्याच्या हातात उतरलं कुठून?

नंतर वाचत गेलो तेव्हा कळलं, की आशाताईंच्या हातातल्या चिमट्याचा भाऊबंद वापरूनच हा प्रश्न जगभरच्या प्रयोगशाळांत सोडवायला घेतलाय. मांसातून आरपार जाणारा तोच लाल आणि लालच्या पलीकडचा उजेड, फक्त बोटाऐवजी डोक्याला. तो डोक्यापर्यंत पोचायला दीडशे वर्षं लागली.

लोडशेडिंगच्या दिवसांत बॅटरीवर तळहात ठेवून बोटं लाल झालेली बघितली नाहीत असं पोर आपल्याकडे सापडायचं नाही. पांढरा उजेड आत शिरतो, निळा-हिरवा आत मुरतो, लाल तेवढा बाहेर येतो. एकोणिसाव्या शतकात लंडनच्या गाइज हॉस्पिटलमध्ये जेम्स कार्डिनल नावाचा एक रुग्ण होता. मेंदूत पाणी साचून त्याचं डोकं अतोनात वाढलं होतं. त्याच्या डोक्यामागे मेणबत्ती धरली किंवा सूर्य त्याच्या डोक्यामागे आला, की कवटी अर्धपारदर्शक दिसायची. १८२५ साली तो वारला. डॉक्टर रिचर्ड ब्राइट यांनी १८३१ साली त्याची हकीकत छापली. माणसाच्या डोक्यातून उजेड जातो याची ही सगळ्यात जुन्या नोंदींपैकी एक. त्यातून पुढे काय होईल याची तेव्हा कुणाला कल्पना असणं शक्यच नव्हतं.

उजेड आत जाऊन बघणार काय, हेही आधी ठरायला हवं होतं. तो धागा इटलीतल्या तुरीनचा. तिथे अँजेलो मोसो या शरीरशास्त्रज्ञाकडे १८७७ च्या सुमाराला बेर्तिनो नावाचा शेतकरी आला. डोक्यात वीट पडून त्याच्या कवटीला भोक पडलं होतं आणि तिथे मेंदूचं धडधडणं वरून दिसायचं. मोसोनं त्यावर नोंदयंत्र बसवलं. एकदा चर्चची घंटा वाजली आणि बेर्तिनोच्या हातातली नाडी होती तशीच असताना मेंदूच्या ठोक्यांची उंची वाढली. मोसोनं विचारलं, घंटा ऐकून प्रार्थना म्हणायची आठवण झाली का? बेर्तिनो हो म्हणाला आणि त्या प्रश्नानंही ठोके पुन्हा वाढले. देवळात सांजेची घंटा वाजली की ओट्यावर बसलेल्या माणसाचे हात आपोआप जोडले जातात. तसे हात जोडण्याआधी मेंदूत रक्त धावतं, हे त्या शेतकऱ्याच्या फुटक्या कवटीनं दाखवलं. १८९० साली केंब्रिजच्या रॉय आणि शेरिंग्टन यांनी त्याला सिद्धान्ताचं रूप दिलं: मेंदूचा जो भाग कामाला लागतो, तो आपल्यापुरतं जास्त रक्त मागून घेतो. शेतात ज्या वाफ्याला गरज, त्याच्याकडे दारं मोडून पाणी वळवावं, तसं.

आणि रक्ताचा रंग ऑक्सिजनप्रमाणे बदलतो, हे तोवर माहीत झालेलंच होतं. १८६२ साली जर्मनीत होप-झायलर यांनी रक्तातलं रंगद्रव्य उजेडातला कोणता भाग गिळतं ते मोजलं, दोन वर्षांनी इंग्लंडात स्टोक्स यांनी ऑक्सिजन काढून घेतला की तो रंग कसा पालटतो ते दाखवलं. म्हणजे मेणबत्ती होती, धावतं रक्त होतं, रंगाचा हिशेब होता. तिन्ही गोष्टी एकाच शतकात, एकमेकींपासून काही शे मैलांवर. त्या एकत्र यायला आणखी जवळजवळ शंभर वर्षं गेली. विज्ञानाच्या इतिहासात मला नेहमी हीच जागा सगळ्यात जास्त अडवून धरते. साहित्य सगळं घरात असतं आणि स्वयंपाक होत नाही.

बोटावरच्या चिमट्याची गोष्ट जपानची. निहोन कोहदेन या कंपनीत ताकुओ आओयागी नावाचे अभियंता होते. हृदय दर मिनिटाला किती रक्त ढकलतं ते मोजण्यासाठी ते कानाच्या पाळीतून उजेड सोडत होते. नाडीच्या ठोक्यामुळे मोजमापात सारखी खळबळ व्हायची. ती खळबळ काढून टाकायचा त्यांनी प्रयत्न केला, पण रक्तातला ऑक्सिजन बदलला की खळबळ पुन्हा वर यायची. तेव्हा त्यांच्या लक्षात आलं, की अडचण म्हणून जे पुसून टाकायला निघालो तेच तर हवं होतं. ठोक्याबरोबर हलणारा उजेड म्हणजे धमनीतलं ताजं रक्त. दोन रंगांचा उजेड वापरला की त्यातला ऑक्सिजन टक्क्यात सांगता येतो. १९७४ साली त्यांनी हे मांडलं. आओयागी १८ एप्रिल २०२० रोजी वारले. त्यानंतर पाच महिन्यांनी त्यांचा चिमटा आमच्या आळीत आला.

डोक्याची गोष्ट मात्र जेवणाच्या ताटातून सुरू झाली. फ्रान्स योब्सिस हे मूळचे नेदरलँड्सचे, अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनातल्या ड्यूक विद्यापीठात शिकवणारे. १९७६ च्या डिसेंबरात त्यांनी मांसाच्या तुकड्यातलं एक चपटं हाड उजेडासमोर धरलं. हाडातून लाल उजेड पलीकडे येत होता. हाड म्हणजे उजेडाला भिंत, असं गृहीत धरून चाललेल्या विषयात हा धक्का होता. त्यांनी ते प्रयोगशाळेत नेऊन मोजलं. लाल रंगापासून डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त पट्ट्यापर्यंत, साधारण ६५० ते ९५० नॅनोमीटरच्या दरम्यान, शरीर उजेडाला वाट देतं. त्याच्या अलीकडे रक्त उजेड गिळतं, पलीकडे पाणी गिळतं. मधे ही एक खिडकी. २३ डिसेंबर १९७७ च्या 'सायन्स' नियतकालिकात योब्सिस यांचा लेख आला. डोक्याच्या एका बाजूनं सोडलेला उजेड दुसऱ्या बाजूला पकडून आतल्या ऑक्सिजनचे चढउतार त्यांनी टिपले होते. कवटी न उघडता. बेर्तिनोला जे भोक लागलं होतं ते आता लागणार नव्हतं.

पहिला उपयोग झाला तो दिवस भरायच्या आत जन्मलेल्या बाळांसाठी. १९८५ साली ड्यूकमध्येच जेन ब्रेझी आणि योब्सिस यांनी अशा बाळांच्या मेंदूला ऑक्सिजन पुरतोय का हे उजेडानं पाहिलं. लंडनमध्ये डेव्हिड डेल्पी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ साली उजेड आत नागमोडी किती भटकतो याचा हिशेब घातला. तो महत्त्वाचा, कारण उजेड डोक्यात सरळ रेषेत जात नाही, धुक्यात गाडीचा दिवा पसरावा तसा पसरतो. मग १९९३ साली एकाच वर्षात जपान, जर्मनी आणि अमेरिकेतल्या चार गटांनी स्वतंत्रपणे दाखवलं, की माणूस विचार करतो, बघतो, हालचाल करतो तेव्हा मेंदूच्या त्या त्या भागातला बदल या उजेडात दिसतो. होशी आणि तामुरा, कातो, फिलरिंगर, ब्रिटन चान्स ही ती नावं. बेर्तिनोची घंटा आता धडधाकट माणसात ऐकू येऊ लागली.

हे चाललं होतं तेव्हाच इटलीत, तुरीनपासून फार लांब नसलेल्या पार्मा गावात, दुसरी गोष्ट घडत होती. तिचा उजेडाशी काही संबंध नव्हता. जाकोमो रिझोलात्ती आणि त्यांचे सहकारी माकडाच्या मेंदूत, हाताच्या हालचालींची आखणी जिथे होते त्या भागात, केसाहून बारीक तारा घालून एकेका पेशीचा आवाज ऐकत होते. माकड शेंगदाणा उचलतं तेव्हा कोणती पेशी तडतडते, एवढंच बघायचं होतं. पण काही पेशी माकड गप्प बसलेलं असताना, समोरच्या संशोधकानं खाऊ उचलला तरी तडतडू लागल्या. करणारा दुसरा, बघणारं माकड, आणि माकडाच्या डोक्यातली पेशी मात्र स्वतः केल्यासारखी बोलते.

या निष्कर्षाचा लेख त्यांनी आधी 'नेचर'कडे धाडला. सर्वसाधारण वाचकाला यात रस वाटणार नाही म्हणून तो परत आला, असं रिझोलात्तींनीच पुढे सांगितलं. १९९२ साली तो दुसऱ्या, मेंदूच्या अभ्यासकांपुरत्या नियतकालिकात छापून आला. १९९६ साली गालेझे, फादिगा, फोगासी आणि रिझोलात्ती यांनी विस्तारानं मांडणी केली तेव्हा या पेशींना 'मिरर न्यूरॉन' हे नाव मिळालं. आपण आरसापेशी म्हणू. दोन माकडं, ५३२ पेशी, त्यांतल्या ९२ आरशासारख्या वागणाऱ्या. हे आकडे लक्षात ठेवावेत. पुढे या शोधावर जे इमले चढले त्यांचा पाया एवढा होता.

आपल्याकडच्या माणसाला हा शोध ऐकून फारसं नवल वाटू नये. कुस्तीच्या फडात ढाक लागते तेव्हा कडेला बसलेल्या म्हाताऱ्या पैलवानाचा खांदा बघावा, तो त्याच बाजूला वळलेला असतो. एकेरी पट काढताना समोरच्याचा पाय उचलला जातो आणि बघणाऱ्याची टाच जमिनीवरून सुटते. तालमीत नवं पोरगं आलं की वस्ताद त्याला पहिल्याच दिवशी मातीत उतरवत नाहीत. बस, बघ, म्हणतात. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी कुस्तीचे पहिले धडे पैलवान वडिलांकडे घेतले आणि १९५२ साली हेलसिंकीच्या ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवलं. अशा घरात पोराचं शिक्षण आखाड्यात उतरण्याच्या किती आधी सुरू होत असेल! योगायोग असा, की त्यानंतर दोनच वर्षांनी, १९५४ साली, फ्रान्समध्ये गास्तो आणि बेर या दोघांनी माणसांच्या डोक्याला विजेच्या तारा चिकटवून त्यांना सिनेमा दाखवला. हात हलवताना मेंदूतली जी एक लय थांबते, ती पडद्यावरचा मुष्टियोद्धा लढताना नुसतं बघणाऱ्यांच्या डोक्यातही थांबत होती. पार्माच्या अडतीस वर्षं आधी. पण 'आरसा' हा शब्द तेव्हा नव्हता, आणि शब्द नसला की निरीक्षण कपाटात पडून राहतं.

शब्द मिळाला आणि पूर आला. तामिळनाडूत जन्मलेले, कॅलिफोर्नियात काम करणारे व्ही. एस. रामचंद्रन यांनी २००० साली भाकीत केलं, की जीवशास्त्रात डीएनएनं जे केलं ते मानसशास्त्रात आरसापेशी करतील. भाषा, सहानुभूती, संस्कृती, नक्कल, सगळ्याचं मूळ त्यांत शोधलं जाऊ लागलं. २००६ साली रामचंद्रन आणि लिंडसे ओबरमन यांनी स्वमग्नतेचं कारणही तिथेच मांडलं. लेखाच्या नावातच फुटलेले आरसे होते.

इथे मला थांबावंसं वाटतं, कारण ही गोष्ट प्रयोगशाळेपुरती राहिली नाही. फुटका आरसा घरात ठेवू नये असं मानणाऱ्या समाजात आपण राहतो. बोलत नाही, डोळ्याला डोळा देत नाही अशा लेकराच्या आईला कुणी सांगितलं, की तुमच्या बाळाच्या मेंदूतला आरसा फुटलाय, तर तिच्या मनाचं काय होतं? उपमा विज्ञानाच्या मासिकात छापली जाते आणि बैठकीच्या खोलीत जाऊन बसते. लंडनच्या अँटोनिया हॅमिल्टन यांनी २०१३ साली तोवर झालेले प्रयोग एकत्र तपासले, तेव्हा स्वमग्न माणसांची आरसा-यंत्रणा सरसकट बिघडलेली असते या म्हणण्याला आधार सापडला नाही. दुसऱ्याची कृती, तिचा हेतू अशी माणसं ओळखतात. ही दुरुस्ती मूळ उपमेइतकी लांब कधी पोचली नाही. पोचायला हवी होती.

टीका इतर बाजूंनीही झाली. ग्रेगरी हिकॉक यांनी २००९ साली आरसापेशींच्या सिद्धान्तातल्या आठ अडचणी मांडल्या आणि २०१४ साली त्यावर पुस्तकच लिहिलं. त्यांचा एक मुद्दा कोणत्याही घराला पटावा असा आहे. दुसऱ्याचं कळायला स्वतःच्या हालचालीची यंत्रणा लागतेच असं असेल, तर ज्याची वाचा गेली त्याला दुसऱ्याचं बोलणं कळायला नको. पण अर्धांगवायूनं बोलणं गेलेल्या कितीतरी माणसांना घरातलं बोलणं बऱ्यापैकी समजत असतं. ते डोळ्यांनी उत्तर देतात.

माणसात आरसापेशी आहेत का, याचं सरळ उत्तर २०१० साली मिळालं. रॉय मुकामेल, इत्झाक फ्रीड आणि सहकाऱ्यांनी अपस्माराच्या २१ रुग्णांच्या मेंदूतल्या ११७७ पेशी ऐकल्या. शस्त्रक्रियेसाठी त्यांच्या डोक्यात तारा आधीच घातलेल्या होत्या. करताना आणि बघताना दोन्ही वेळी बोलणाऱ्या पेशी सापडल्या. पण तारा कुठे घालायच्या हे उपचारानं ठरलं होतं, त्यामुळे पार्माच्या माकडांत जिथे पाहिलं होतं नेमक्या त्या जागा ऐकता आल्या नाहीत. आणि धडधाकट माणसाच्या, त्यातही तान्ह्या बाळाच्या डोक्यात तार घालायचा प्रश्नच येत नाही.

म्हणून उजेड. एमआरआयच्या बोगद्यात माणसाला निपचित पडून राहावं लागतं, आवाज कानठळ्या बसवणारा. सात महिन्यांच्या बाळाला तिथे जागं ठेवून समोर कुणी खेळणं उचलतंय ते दाखवायचं कसं? उजेडाची टोपी मात्र बाळ आईच्या मांडीवर बसलेलं असताना घालता येते. आई कुंची बांधते तशी. टोपीत काही बिंदूंतून उजेड आत जातो, साधारण तीन सेंटिमीटरवरच्या दुसऱ्या बिंदूंतून बाहेर पडलेला पकडला जातो. केळीच्या आकाराची वाट काढत तो मेंदूच्या पृष्ठभागाला स्पर्शून परत येतो. दोन वेगळ्या लांबीच्या लहरी वापरायच्या, एक ऑक्सिजनवालं रक्त जास्त गिळतं ती, दुसरी ऑक्सिजन सोडलेलं रक्त जास्त गिळतं ती. दोन्हींच्या फरकातून कळतं, कुठल्या वाफ्याकडे पाणी वळलं. सुदैव असं, की माणसात आरसा-यंत्रणेच्या मानल्या गेलेल्या दोन मुख्य जागा, कपाळाच्या मागे खालच्या बाजूला एक आणि कानाच्या वर मागे एक, मेंदूच्या बाहेरच्या अंगाला आहेत. उजेड तिथवर पोचतो. त्या आणखी खोल असत्या तर ही सगळी वाट बंद होती.

१९९८ साली लंडनमध्ये जाग्या तान्ह्या बाळांत बघण्याचा परिणाम या उजेडानं टिपला गेला. आणि २००६ साली जपानमध्ये सोतारो शिमादा आणि काझुओ हिराकी यांनी आपल्या प्रश्नाला हात घातला. सहा-सात महिन्यांची बाळं. समोर एक माणूस खेळणं हातात घेऊन हलवतो. बाळ स्वतः काही करत नाही, बघतं. बाळाच्या मेंदूतला हालचालीचा भाग उजेडात जागा झालेला दिसला, ते स्वतः खेळताना होतो तसा. मग तेच दृश्य टीव्हीवर दाखवलं. पडद्यावरच्या माणसाला मिळालेला प्रतिसाद समोरच्या माणसाला मिळालेल्यासारखा नव्हता. मोबाइल हातात देऊन लेकराला गप्प बसवणाऱ्या आपल्या घरांनी हा प्रयोग वाचावा असं मला मनापासून वाटतं. लगेच नियम बनवण्यासाठी नव्हे. बाळाच्या लेखी समोर बसलेली आजी आणि पडद्यावरचं माणूस एक नाही, एवढं कळलं तरी पुष्कळ.

आता या टोपीच्या मर्यादाही तितक्याच स्पष्ट सांगायला हव्यात. टोपीला दिसतं ते रक्त, पेशी नव्हे. एका बिंदूखालच्या तुकड्यात लाखो पेशी असतात. करताना आणि बघताना तोच तुकडा उजळला, तरी आत त्याच पेशी बोलल्या की शेजारशेजारच्या वेगळ्या, हे उजेड सांगू शकत नाही. या टोपीतून आजवर कुणीही एकही आरसापेशी पाहिलेली नाही. दिसते ती वस्ती, माणूस नाही. शिवाय पेशी क्षणात बोलून मोकळी होते आणि रक्त पाच-सहा सेकंदांनी तिथे पूर्ण भरतं, म्हणजे बातमी नेहमी उशिरा. टाळूच्या कातडीतलं रक्तही उजेडात मिसळतं. ते वेगळं करायला अगदी जवळच्या अंतरावर जास्तीचे बिंदू लावावे लागतात. आणि केस. काळे, दाट केस उजेड गिळतात. केस बाजूला सारत, भांग पाडत एकेक बिंदू कातडीला टेकवावा लागतो.

हा केसांचा आणि रंगाचा प्रश्न मला किरकोळ वाटत नाही. २०२० च्या डिसेंबरात अमेरिकेतून एक अभ्यास आला: बोटावरच्या ऑक्सिमीटरनं काळ्या कातडीच्या रुग्णांत ऑक्सिजनची छुपी कमतरता गोऱ्यांच्या जवळजवळ तिप्पट वेळा चुकवली. यंत्र ज्यांच्यावर घडवलं, पारखलं, त्यांच्यावर ते नीट चालतं. बाकीच्यांवर चालतंच असं धरून चालतात. मेंदूचे प्रयोग तर लंडन, टोकियो, अमेरिका इथल्या प्रयोगशाळेपर्यंत गाडीनं येऊ शकणाऱ्या आईबापांच्या लेकरांवर झालेले. जगातली बहुतेक बाळं अशा घरांत जन्मत नाहीत.

म्हणूनच या इतिहासातलं मला सगळ्यात आवडणारं पान आफ्रिकेतलं आहे. गांबियामधलं केनेबा हे खेडं. सारा लॉइड-फॉक्स, क्लेअर एल्वेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उजेडाचं यंत्र तिथे नेलं आणि २०१४ साली आफ्रिकेच्या ग्रामीण भागातल्या तान्ह्या बाळांच्या मेंदूची पहिली अशी नोंद प्रसिद्ध केली. यंत्र टेबलावर मावतं, साध्या खोलीत चालतं. एमआरआयच्या खोलीचं वजन, थंडावा, खर्च काही लागत नाही. भारतात ते उत्तर प्रदेशात रायबरेली जिल्ह्यातल्या शिवगडला आलं. तिथे कम्युनिटी एम्पॉवरमेंट लॅब ही संस्था आधीपासून बाळंतिणी आणि नवजात बाळांच्या जिवासाठी गावागावांत काम करत होती. गावाचा विश्वास आधी आणि यंत्र नंतर, हा क्रम बरोबर होता. सोबना विजेकुमार, जॉन स्पेन्सर आणि सहकाऱ्यांनी २०१९ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात तिथल्या लहान मुलांची डोळ्यांनी पाहिलेलं ध्यानात ठेवण्याची शक्ती उजेडाच्या टोपीनं तपासली आणि घरची गरिबी, आईचं शिक्षण यांचा तिच्यावर कसा परिणाम दिसतो ते मांडलं. तो अभ्यास आरसा-यंत्रणेचा नव्हता. पण टोपी भारतातल्या खेड्यात, तेल लावलेल्या डोक्यांवर, चुलीच्या धुरात वाढलेल्या लेकरांवर चालते हे त्यानं दाखवलं.

शिवगडचं वाचताना मला सारखं आपलं कोरेगाव डोळ्यांसमोर येत होतं. आपल्याकडे बाळाचं जावळ काढतात. त्या दिवसांत त्याचं डोकं एखाद्या नारळासारखं गुळगुळीत असतं, अभ्यासकांना जो केसांचा अडथळा छळतो तो उरतच नाही. रोज न्हाऊमाखू घालताना टाळू भरणाऱ्या आजीच्या बोटांना त्या डोक्याचा उंचसखलपणा तोंडपाठ असतो. टोपी कुठे घट्ट बसेल आणि बाळ कुठे हात घालून ओढेल, हे ती कुठल्याही तंत्रज्ञाच्या आधी सांगेल. केनेबा आणि शिवगडला पोचलेला उजेड आमच्या गावच्या वसना-तिळगंगेच्या काठीही पोचू शकतो. न पोचण्याचं काही कारण मला दिसत नाही.

आणि पोचला, तर बघायचं काय? इथे पार्मानंतरच्या वादातलं मला सगळ्यात पटलेलं म्हणणं आठवतं. इंग्लंडच्या सिसिलिया हेज म्हणतात, आरसा जन्मतः मिळत नाही, घडतो. बाळ आपला हात हलवतं आणि त्याच वेळी तो हलताना बघतं. बाळ हसतं आणि समोरची आई तसंच हसून दाखवते. केलेलं आणि पाहिलेलं पुन्हा पुन्हा एकत्र येऊन मेंदूत जोडलं जातं. हे म्हणणं हवेतलं नाही. २००७ साली कॅरोलाइन कॅटमर, व्हिन्सेंट वॉल्श आणि हेज यांनी माणसांना उलटा सराव दिला: पडद्यावर तर्जनी हलली की करंगळी हलवायची, करंगळी हलली की तर्जनी. सरावानंतर नुसती तर्जनी पाहताना त्यांच्या करंगळीचे स्नायू जास्त सज्ज होऊ लागले. आरसा उलटा करता आला. जे उलटं करता येतं ते शिकलेलं असतं. म्हणजे बाळाच्या डोक्यातल्या आरशाला पारा लावणारी माणसं बाहेर असतात, त्याच्यासमोर बसलेली.

ते जर खरं, तर एकट्या बाळाच्या डोक्याला टोपी घालून अर्धीच गोष्ट दिसणार. दुसरं डोकंही हवं. २०११ च्या सुमारापासून दोन माणसांना एकाच वेळी उजेडाच्या टोप्या घालून, ती एकमेकांसोबत काही करत असताना दोन्ही मेंदू एकत्र बघण्याचे प्रयोग होऊ लागलेत. आई आणि मूल समोरासमोर, मधे खेळणं, दोघांच्याही डोक्यावर टोपी. पार्माच्या माकडाला हे मिळालं नव्हतं. ते खुर्चीत बसलेलं होतं आणि त्याच्या कृतीची नक्कल करणारं समोर कुणी नव्हतं.

त्या दिवशी ओट्यावर आजींनी काय केलं ते सांगायचं राहिलं. नातवानं चिमटा लावून "झकास हाय" म्हटल्यावर त्यांनी हातातला घेवडा सुपात ठेवला. बोटाचा चिमटा काढला, त्याचंच बोट पदरानं पुसलं, चिमटा लावला, आशाताईंसारखी मान तिरकी केली आणि म्हणाल्या, "तुजंबी झकास हाय की रं." मग त्यानं दुसऱ्या हाताचं बोट पुढं केलं.